सगूणमामाचं जांभळं मीठ

रात्री साडेनऊला मेल्बाची ओळ आली :
"दोन पूर्णांक तीन टक्के? परत बघ."
आगरवाड्यात वीज गेलेली,
लॅपटॉपमध्ये एकोणीस टक्के बॅटरी,
आणि पाच कोटी वर्षं चालून आलेल्या उजेडात
दोन पूर्णांक तीन टक्के शिस्त.
म्हणजे शंभरातला दोन-सव्वादोन वाटा
एकाच दिशेनं डोलणारा,
बाकीचा जत्रेतून परतणाऱ्या माणसांसारखा,
जमेल तसा.

त्या आकाशगंगेचा गाभा दिसत नाही.
भोवती धुळीचं जाड कडं,
आणि आम्ही नेमके कड्याच्या कडेनं बघतो आहोत.
वरच्या मोकळ्या बाजूनं मात्र थोडा उजेड निसटतो,
विरळ इलेक्ट्रॉनांवर आपटून इकडे वळतो,
वळताना अंगात एक कल घेऊन येतो.
मानशीजवळ न जाताही
मेरेवर बसल्या बसल्या कळतं ना, भरती आत शिरली ते,
पाण्यावरच्या काटक्या एका रेषेत लागतात,
तसंच.
आत कुणीतरी जागं आहे एवढं कळतं.

साध्या उजेडात हे फारसं जमत नाही.
म्हाताऱ्या ताऱ्यांचा पिवळा गलबला सगळं पातळ करतो.
अतिनीलात ते तारे थकतात,
मग गाभ्याचं बोलणं ऐकू येतं.
पण अतिनील खाली पोचतच नाही,
बहुतेक ओझोन वरच गिळून टाकतो.
म्हणून दुर्बीण वर.
म्हणून मी खाली, चटईवर,
डासांची कॉइल पायाशी लावून.

सगूणमामापर्यंत मात्र त्यातलं थोडं उरलंसुरलं पोचत असावं.

एक्याऐंशी साली म्हापशाच्या शिबिरात
त्याचा मोतीबिंदू काढला, नवं भिंग बसवलं नाही.
तेव्हा सगळ्यांना बसवत नसत.
दिला बाटलीच्या बुडासारखा चष्मा.
मिठागरात घामानं तो नाकावरून घसरायचा,
म्हणून मामा काढून कमरेला खोचायचा,
फळीनं मीठ ओढता ओढता थांबायचा :
"मीठ जांबळें दिसता गो."
आम्ही पोरं हसायचो.
पावलू म्हणायचा, सगूण हल्ली दुपारीच घेतो.
मामानं वाद घातला नाही.
जांभळं म्हणायचं तेवढं बंद केलं.

डोळ्याचं भिंगच अतिनील अडवतं,
ते काढलं की काठावरचा थोडा आत येतो,
हे मी बंगळुरात वाचलं, मामा जाऊन सहा वर्षं झाल्यावर.
पुस्तक मिटून ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर
बराच वेळ उभी राहिले.
अर्थात पावलूही बरोबर असेल.
मामाची नोंद कुणी ठेवली नाही.

परत बघते.
एक साधा पांढरा तारा,
ज्याच्या उजेडाला काहीच कल नाही असं सगळे मानतात,
त्याच्यावरही आमचं यंत्र एक पूर्णांक चार दाखवतं,
आणि दिशा तीच.
म्हणजे हा आरशाचा स्वतःचा वाकडेपणा.
कुणाचं काही मोजण्याआधी
तो वजा करायचा असतो.
(हे आम्हाला मिठागरात कुणी शिकवलं नव्हतं.)

उरलं शून्य पूर्णांक नऊ.
चूक, अधिक-उणे शून्य पूर्णांक चार.
आहे म्हणण्याइतकं नाही,
नाही म्हणायला धीर होत नाही.
मेल्बाला तसंच लिहिलं.
तिचा फक्त अंगठा आला.

बॅटरी चार टक्के. मिटला लॅपटॉप.
बाहेर आले, मेरेपर्यंत गेले.
शापोऱ्याच्या पलीकडे शिवोलीत वीज होती,
तिचे दिवे पाण्यात उभे होते, लांबुळके.
एप्रिल संपत आलेला, राशी झावळ्यांनी झाकलेल्या.
एका राशीची झावळी सरकवली,
चांदण्यात डोळे ताणून बघितलं,
मान तिरकी करून, मग चष्मा काढूनही.

पांढरंच दिसलं.
माझी भिंगं शाबूत आहेत.